हाताच्या हुनराने मोठे झालेले शेख दीन मुहम्मद



संध्याकाळी मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारा मालिशवाला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला पाहून आपल्या मुलाने हे काम शिकावे, असे कोणाच्या मनात आले असेल काय? बहुधा नाही. दिवसभर परक्यांचे अंग रगडायचे, उद्या पुन्हा तेच आणि परवाही तेच. यात मान नाही, नावीन्य नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. हे काम शिकलेली तरुण मुलेही दोन-चार वर्षांत थकतात. हात दुखतात त्यापेक्षा मन अधिक विटते.

म्हणून आज तुम्हाला अशा एका माणसाची हकीकत सांगावयाची आहे, की ज्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी विलायतेत चंपी-मालिशचा धंदा मांडला, वीस वर्षांहून अधिक काळ तो मन लावून केला आणि त्याच हुनरावर दोन राजांच्या दरबारात मानाची जागा मिळविली. त्यांचे नाव शेख दीन मुहम्मद.

दीन मुहम्मद यांचा जन्म 1759 साली पाटण्यास झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरीस होते. 1769 साली ते मारले गेले, तेव्हा मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याच सुमारास गॉडफ्रे बेकर नावाच्या एका तरुण गोऱ्या अधिकाऱ्याच्या पदरी दीन मुहम्मद राहिले आणि फौजेबरोबर फिरू लागले. आईचा याला सक्त विरोध होता. ती मुलाला परत न्यावयास छावणीपर्यंत आली, पण मुलगा काही परतला नाही. मातापित्यांनो, त्या माउलीचे दुःख काय असेल हे तुम्हाला सांगावयास नको. मुलाच्याही मनातून ते गेले नसावे, कारण पुढे स्वतः लिहिलेल्या पुस्तकात त्याने हा प्रसंग मुद्दाम नोंदविला आहे.

फौजेत ते चढत चढत सुभेदार झाले. 1782 साली बेकरने नोकरी सोडली, तेव्हा त्यांनीही सोडली आणि 1784 साली त्याच्याबरोबर ते आयर्लंडमधील कॉर्क शहरी गेले. तेथे वयाची पंचविशी गाठलेला हा माणूस इंग्रजी शिकू लागला. 1786 साली जेन डेली या आयरिश मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्या देशाच्या त्या काळच्या कायद्याप्रमाणे अशा विवाहासाठी त्यांनी अँग्लिकन पंथ स्वीकारला, असे त्यांचे चरित्रकार मानतात. नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत मुहम्मद हेच ठेवले. 1794 साली त्यांचे प्रवासवर्णन दोन भागांत प्रसिद्ध झाले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक होय.

पुढे 1807 च्या सुमारास ते कुटुंबासह लंडनला आले. तेथे हिंदुस्थानातून गडगंज पैसा घेऊन परतलेल्या बेसिल कॉक्रेन नावाच्या धनिकाने वाफेच्या स्नानाची सोय केली होती. त्याच्याकडे दीन मुहम्मद कामास राहिले. वाफेने शेकलेले अंग आपल्याकडच्या पद्धतीने दाबून, चोळून, मळून काढण्याचे काम त्यांचे होते. आपल्या ‘चांपना’ आणि ‘चंपी’ या शब्दांवरून इंग्रज या क्रियेला ‘शॅम्पूइंग’ म्हणू लागले. आज घरोघरी केस धुण्यासाठी जो शॅम्पू वापरला जातो, त्याचा मूळ अर्थ हा असा मालिश होता, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

परंतु दीन मुहम्मद या कामात लगेच स्थिरावले नाहीत. 1810 साली त्यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ काढले. हिंदुस्थानी जेवण, हुक्का, वेताच्या खुर्च्या, सगळा थाट उत्तम होता. गिऱ्हाईक मात्र पुरेसे आले नाही आणि 1812 साली त्यांचे दिवाळे निघाले. वयाची त्रेपन्न वर्षे झाली होती, पदरी मुलेबाळे होती. कोणाच्या घरी चाकरी मिळावी म्हणून त्यांना वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली. एके काळचा सुभेदार, पुस्तकाचा लेखक आणि हॉटेलचा मालक असलेल्या माणसावर ही पाळी यावी! असा प्रसंग आला की माणसे नशिबाला दोष देऊन खाली बसतात.

ते बसले नाहीत. 1814 साली पत्नीसह ते ब्रायटनला गेले. समुद्रकाठचे हे गाव तेव्हा हवापालटासाठी नावारूपास आले होते. तेथे त्यांनी औषधी वाफेचे स्नान आणि मालिश यांचा धंदा सुरू केला आणि 1821 साली समुद्रासमोर स्वतःचे भव्य स्नानगृह उभे केले. रुग्णाला आधी वनस्पती टाकलेल्या वाफेत बसवीत. मग फ्लॅनेलच्या कापडाचा एक तंबू त्याच्याभोवती असे. त्या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घालीत असे आणि वाफेने सैल पडलेले अंग मळीत असे. पुरुषांकडे दीन मुहम्मद पाहत, स्त्रियांचा विभाग त्यांच्या पत्नी जेन पाहत. पुढे हाताखाली शिकविलेली माणसेही आली.

आरंभी लोकांनी शंका घेतल्या, आक्षेप घेतले, थट्टाही केली. नवी गोष्ट आणली की विरोध व्हायचाच, अशा आशयाचे त्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पण ते वादात पडले नाहीत. गुण आलेला रुग्ण हेच आपले उत्तर, असे त्यांनी धोरण ठेवले. हळूहळू डॉक्टरही आपले रुग्ण त्यांच्याकडे धाडू लागले. राजा चौथा जॉर्ज आणि त्याच्यामागून चौथा विल्यम या दोघांनीही त्यांना राजघराण्याचे ‘शॅम्पूइंग सर्जन’ म्हणून नेमले.

वाचकहो, आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच वाफ, तोच उकाडा, त्याच दुखऱ्या पाठी आणि तेच आखडलेले गुडघे. पंचावन्नाव्या वर्षी सुरू केलेले हे काम सत्तरी उलटेपर्यंत करताना या माणसाला वीट कसा आला नाही? त्यांच्या वागण्याकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे ते टिपून ठेवीत. कोणाला काय दुखणे होते, उपचारानंतर काय फरक पडला, हे त्यांनी जपून ठेवले. 1820 साली बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हकीकतींचे पुस्तक त्यांनी काढले आणि 1822 साली मालिशवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 1826 व 1838 साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. संधिवात, लचक, आखडलेले सांधे असे एकेक प्रकरण त्यात वेगळे मांडले आहे. जो माणूस समोर आलेल्या प्रत्येक पाठीची वेगळी नोंद करतो, त्याला सगळ्या पाठी सारख्या दिसत नाहीत. कंटाळा कामातून येतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो न पाहता काम केल्याने येतो.

दुसरी गोष्ट, कामाचे फळ त्यांनी डोळ्यांसमोर ठेवले. बरे होऊन गेलेले रुग्ण आपल्या कुबड्या तेथेच सोडून जात. त्या कुबड्या त्यांनी स्नानगृहात टांगून ठेवल्या होत्या. त्यात जाहिरात होतीच, नाकारण्याचे कारण नाही. पण थकलेल्या दिवशी त्या कुबड्यांकडे नजर गेली की मालिश करणाऱ्याच्याही हातात बळ येत असेल, यात शंका नाही.

तिसरी गोष्ट, त्यांनी आपल्या हुनराला स्वतः कमी लेखले नाही. आपल्या देशात न्हाव्याने आणि मालिशवाल्याने करावयाचे हे काम. पण त्यांनी त्याला स्वच्छ जागा दिली, नीटनेटकी पद्धत दिली, त्यावर ग्रंथ लिहिला. करणाराच आपल्या कामाला हलके मानीत असेल, तर जगाने त्याला मान का द्यावा?

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आपले वय दहा वर्षांनी वाढवून 1749 हे जन्मसाल सांगितले आणि कलकत्त्यास वैद्यकीचे शिक्षण घेतल्याचा दावा केला. तो खरा नव्हता. त्यांच्या थडग्याच्या दगडावर वय 101 लिहिले आहे ते यामुळेच. आणखी असे, की दमा किंवा पक्षाघात मालिशने बरा होतो हे त्या काळचे म्हणणे आजचे वैद्यकशास्त्र मानीत नाही. शेकाने आणि मालिशने वेदना हलक्या होतात, आखडलेले अंग मोकळे होते, एवढे खरे, आणि तेवढेही थोडे नाही. विद्यार्थ्यांनो, त्यांच्या हाताचे हुनर घ्या, खोटे प्रमाणपत्र घेऊ नका. त्यांना त्याची गरज नव्हती. ज्या कुबड्या भिंतीवर टांगल्या होत्या, त्यांनी वय विचारले नव्हते.

अखेरची वर्षे सोपी गेली नाहीत. 1837 साली गादीवर आलेल्या राणी व्हिक्टोरियाला ब्रायटनची गोडी नव्हती. भागीदार वारला आणि 1841 साली ते भव्य स्नानगृह लिलावात निघाले. परत विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. ऐंशी उलटलेल्या दीन मुहम्मद यांच्या हातून इमारत गेली, पण हुनर गेले नाही. लहान जागेत धंदा चालूच राहिला. मुलांपैकी काहींनीही स्नानगृहे चालविली. 1850 साली जेन वारल्या आणि 1851 च्या फेब्रुवारीत दीन मुहम्मद यांनी देह ठेवला. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे. लोक त्यांना पुष्कळ काळ विसरून गेले होते. 2005 साली लंडनमध्ये जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या त्या बुडालेल्या कॉफी हाऊसच्या स्मरणार्थ हिरवा फलक लावण्यात आला.

पालकांनो, शेवटी एक गोष्ट खास तुमच्यासाठी. आजोबा वारले तेव्हा दीड-दोन वर्षांचा असलेला त्यांचा एक नातू, फ्रेडरिक अकबर मुहम्मद, पुढे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात नामांकित डॉक्टर झाला. नाडीचा आलेख काढणारे यंत्र त्याने सुधारले आणि मूत्रपिंडाचा आजार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे दाखवून दिले. देशभरच्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र कराव्यात, यासाठीही त्याने खटपट केली. 1884 साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने तो गेला. आजोबांनी बोटांनी माणसाचे अंग वाचले, नातवाने त्याच अंगातील नाडी यंत्राने वाचली. दोघेही जे दिसले ते टिपून ठेवीत.

आपल्या घरातील कोणी मालिश शिकत असेल, शिवणकाम करीत असेल, गॅरेजमध्ये हात काळे करीत असेल किंवा तीच ती गणिते सोडवून कंटाळला असेल, तर त्याला हलके काम म्हणून हिणवू नका. त्याला एक वही घेऊन द्या. आज काय केले, काय जमले, काय जमले नाही, हे रोज रात्री चार ओळींत लिहावयास सांगा. महिन्याभराने ती वही त्याच्याजवळ बसून वाचा. त्याचे काम रोज तेच नव्हते, हे त्याला आपोआप कळेल.