अंधार उजळणारा बातमीदार

लग्नसमारंभात वधूवरांवर अक्षता पडतात आणि त्याच क्षणी छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावरील दिवा लख्खकन चमकतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो प्रकाश मावळतो; पण तेवढ्या अवधीत मंडपातील हसरे चेहरे चित्रात कायमचे उमटलेले असतात. आनंदाचे प्रसंग टिपणारा हा क्षणिक प्रकाश आज कोणालाही नवलाचा वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा प्रकाश प्रथमच माणसाच्या हाती आला, तेव्हा अमेरिकेतील एका बातमीदाराने तो समारंभात न नेता गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत नेला. त्या बातमीदाराचे नाव जेकब रीस.

जेकबचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्क देशातील रीबे या जुन्या गावी झाला. त्याचे वडील शाळाशिक्षक होते. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची, तरी मायेला तोटा नव्हता. गावातच एक पडीक इमारत होती. तीत अत्यंत गरीब माणसे घाणीत आणि उंदरांच्या सहवासात दिवस कंठीत. एका नाताळात लहानग्या जेकबला खाऊसाठी एक नाणे मिळाले. त्याने ते तेथील एका कुटुंबाला देऊन टाकले. मात्र घर झाडून स्वच्छ केले पाहिजे, अशी अट घातली. दानाबरोबर सुधारणेचा आग्रह धरणारा हा स्वभाव त्याने पुढे जन्मभर सोडला नाही.

वडिलांची इच्छा मुलाने लेखक व्हावे अशी होती. पण जेकबने सुतारकाम शिकणे पसंत केले. काम शिकून तो कोपनहेगनहून गावी परतला. तेथील एका श्रीमंत कारखानदाराच्या घरातील एलिझाबेथ या मुलीशी विवाह करावा, असे त्याच्या मनात होते. त्या मागणीला नकार मिळाला. निराश झालेला हा तरुण १८७० साली आगबोटीने न्यूयॉर्कला पोहोचला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता.

परक्या देशात त्याच्या वाट्याला कष्टच आले. त्याने सुतारकी केली, कोळशाच्या खाणीत राबून पाहिले, वीटभट्टीवर मजुरी केली. पण कोठेच जम बसेना. कित्येक रात्री त्याने उपाशीपोटी उघड्यावर काढल्या. एका पावसाळी रात्री तो पोलीस ठाण्यातील निराश्रितांच्या निवाऱ्यात झोपावयास गेला. वाटेत त्याच्यामागे आलेल्या एका भटक्या कुत्र्याला आत प्रवेश मिळाला नाही. ते बाहेर पायरीवरच बसून राहिले. रात्री कोणीतरी जेकबच्या गळ्यातील सोन्याचे पदक चोरले. त्याने तक्रार केली, तेव्हा अधिकाऱ्याने त्यालाच खोटा ठरवून हाकलून देण्याचा हुकूम दिला. आपल्या सोबत्याला धक्काबुक्की होते आहे हे पाहून ते मुके जनावर शिपायावर धावून गेले आणि शिपायाने त्याला तेथेच ठार केले. जेकबच्या अंतःकरणाला बसलेला हा घाव कधीच भरून आला नाही.

पुढे १८७३ साली त्याला एका वृत्तसंस्थेत काम मिळाले आणि त्याचे दैव पालटले. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हती; तरी रात्रंदिवस खपून त्याने लेखणीवर हुकमत मिळविली. १८७६ साली तो मायदेशी गेला आणि एलिझाबेथशी विवाह करून परतला. दुसऱ्याच वर्षी तो एका मोठ्या वृत्तपत्राचा पोलीस बातमीदार झाला. त्याची कचेरी मलबेरी रस्त्यावर, पोलिसांच्या मुख्य ठाण्यासमोर होती. तेथून जवळच ‘मलबेरी बेंड’ नावाची वस्ती होती. शहरातील अत्यंत गलिच्छ वस्त्यांत तिची गणना होत असे.

देशोदेशींहून आलेली गरीब माणसे तेथील दाटीवाटीच्या चाळींत राहत. कित्येक खोल्यांना खिडकीच नसे. दिवसा बारा वाजताही जिन्यात हात धरून चालावे लागे. रोगराई तर पाचवीला पुजलेली. आरोग्यखात्याचे शिपाई रात्री या खोल्यांची झडती घेत, तेव्हा रीस त्यांच्याबरोबर जाई. एका खोलीत कायद्याने ठरविलेल्याहून किती अधिक माणसे कोंबली आहेत, हे तो डोळ्यांनी पाही आणि दुसऱ्या दिवशी लिहून काढी. परंतु सुखवस्तू लोक ते वाचीत आणि विसरून जात. शब्दांनी काम भागत नाही, हे रीसला कळून चुकले. प्रत्यक्ष चित्र दाखविले तर लोकांना डोळेझाक करता येणार नाही, असे त्याला वाटे. पण चित्र घ्यावे कसे? कॅमेऱ्याला प्रकाश हवा आणि त्या खोल्यांत तर काळोखाचेच राज्य!

१८८७ साली एके दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्याची नजर एका लहानशा बातमीवर खिळली. मॅग्नेशियमच्या पुडीत दुसरी काही रसायने मिसळून ती पेटविली, तर क्षणभर लख्ख प्रकाश पडतो आणि त्या उजेडात काळोख्या जागेचेही छायाचित्र घेता येते, असा शोध जर्मनीत लागला होता. रीसला हवे होते ते नेमके हेच. आरोग्यखात्यातील डॉक्टर नेगल हे त्याचे मित्र हौशी छायाचित्रकार होते. त्यांना आणि आणखी दोघांना घेऊन तो रात्रीच्या मोहिमेवर निघू लागला. प्रारंभी ही पूड पिस्तुलासारख्या साधनातून उडवीत असत. मध्यरात्री चार परकी माणसे पिस्तूल घेऊन दारात उभी राहिलेली पाहून लोक भयभीत होत आणि खिडक्यांतून पळ काढीत. मग रीसने पिस्तूल टाकले आणि त्याऐवजी तळणीच्या तव्यात पूड पेटविण्यास सुरुवात केली. स्वयंपाकघरातील तवा लोकांना ओळखीचा होता.

सोबत्यांचा उत्साह लवकरच ओसरला. तेव्हा १८८८ साली रीसने पंचवीस डॉलर खर्चून स्वतःचा कॅमेरा विकत घेतला आणि ही कला तो स्वतःच शिकला. काम सोपे नव्हते. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा, अंतर अदमासाने धरून भिंग जुळवावे, आत काचेची तबकडी सरकवावी आणि अंधारातच भिंगाचे तोंड उघडावे. नंतर पूड पेटवावी व प्रकाश विझताच भिंग झाकावे. काळोखात तबकडीवर काहीच उमटत नाही. जे उमटते ते त्या एका झगमगाटातच. पूड कमी पडली तर चित्र काळे आणि अधिक झाली तर पांढरेफटक! शिवाय प्रत्येक झगमगाटाबरोबर खोलीत दाट धूर कोंडे. एकदा काही आंधळी माणसे राहत असलेल्या खोलीत त्याने पूड पेटविली आणि भिंतीवरील कागदांनी पेट घेतला. त्या माणसांना संकटाची कल्पनाही नव्हती. रीसने धडपडत एकट्याने आग विझविली. दुसऱ्या एका प्रसंगी पूड तोंडावर उडाली. केवळ चष्म्यामुळे त्याचे डोळे वाचले.

अशा हालअपेष्टा सोसून त्याने मिळविलेल्या चित्रांनी शहराला हादरा दिला. बेयर्ड रस्त्यावरील एका खोलीचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. जेमतेम तेरा फूट लांबीरुंदीच्या त्या खोलीत बारा माणसे पाच-पाच सेंट भाडे देऊन झोपली होती. रीसने ही चित्रे पडद्यावर दाखवून गावोगावी व्याख्याने दिली. १८९० साली त्याचे ‘हाउ दि अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहरातील अर्ध्या लोकांना उरलेले अर्धे लोक कसे जगतात, हे त्याने दाखवून दिले. पुढील वर्षी त्याने कॅमेरा घेऊन शहराच्या पाणीपुरवठ्याचा उगमापर्यंत मागोवा घेतला आणि त्या पाण्यात कोठे कोठे घाण मिसळते, याची चित्रे छापली. तेव्हा शहराला जलाशयांभोवतालची जमीन विकत घ्यावी लागली.

त्याचे पुस्तक वाचून थिओडोर रूझवेल्ट त्याचे स्नेही झाले. हेच रूझवेल्ट पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८९५ साली ते न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख होते, तेव्हा दोघे मित्र रात्री शहरात पायी हिंडत. ज्या ठाण्यात आपल्याला एके काळी अपमान सोसावा लागला, तेथे रीस त्यांना घेऊन गेला आणि ती जुनी हकिकत त्याने सांगितली. १८९६ साली रूझवेल्टांनी पोलीस ठाण्यांतील ते गलिच्छ निवारे बंद करविले. रीसने सूड उगविला नाही. आपल्यासारखा प्रसंग पुन्हा कोणावर येऊ नये, एवढेच त्याने पाहिले. मलबेरी बेंडच्या चाळीही पाडण्यात आल्या आणि १८९७ साली तेथे मुलांसाठी हिरवेगार उद्यान खुले झाले.

रीसच्या कार्यात काही उणिवाही होत्या. निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांविषयी लिहिताना त्याची लेखणी कधी कधी पूर्वग्रहाने कठोर होई. झोपेतून दचकून उठलेल्या त्या गरिबांची चित्र घेण्यास संमती आहे काय, असेही त्याने अनेकदा विचारले नाही. त्याच्या कार्याचा विचार करताना या गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. तथापि त्याचा हेतू कोणाची हेटाळणी करण्याचा नव्हता, तर अन्याय उघडा पाडण्याचा होता.

२६ मे १९१४ रोजी रीसचे निधन झाले. त्याच्या काचेच्या तबकड्या घराच्या माळ्यावर विस्मृतीत पडून होत्या. पुढे त्या सापडल्या आणि १९४७ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांवरून तयार केलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरले. जगाने ती चित्रे नव्याने पाहिली.

तव्यात पेटलेली ती पूड क्षणात जळून जाई आणि खोली पुन्हा काळोखात बुडे. परंतु त्या क्षणभराच्या उजेडात जे दिसले, ते लोकांना विसरता आले नाही. कालांतराने त्याच चाळींना खिडक्या मिळाल्या आणि त्यांतून सूर्याचा प्रकाश आत आला. रीसच्या परिश्रमांचे खरे फळ हेच होय.