धर्मानंद कोसंबी : ग्रंथालाही प्रश्न विचारणारा बौद्ध पंडित

वर्षावासात आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या अनेक विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. अशाच एका वाचनाला आम्ही बसलो होतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या वादाचे प्रकरण संपले. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवले. चित्रात रथात बसलेला सिद्धार्थ म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहत होता. ग्रंथात गृहत्यागाचे कारण पाण्याचा वाद आणि भिंतीवर चार दृश्ये, मग खरे कोणते, असे त्याने विचारले. एका ज्येष्ठ उपासकांना हा प्रश्न श्रद्धेला धक्का देणारा वाटला. आम्हाला मात्र धर्मानंद कोसंबी आठवले. हाच प्रश्न त्यांनी आयुष्यभर अभ्यासला होता.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेम आणि लग्न लहान वयात. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि बुद्धाने त्यांना झपाटले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकताना त्यांनी अन्नछत्रातल्या जेवणावर दिवस काढले. मग नेपाळ, बोधगया आणि पुढे सिंहलद्वीप. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात आचार्य सुमंगल यांच्याकडे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. कलकत्त्यात पाली शिकवण्याची चांगली नोकरी त्यांना मिळाली होती. महाराष्ट्रात बौद्ध धम्माचे ज्ञान पोहोचावे म्हणून ती त्यांनी सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर ते काम करू लागले. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे ब्रह्मदेशी आणि सिंहली पोथ्या ताडून ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचा शुद्ध पाठ ठरवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हे संपादन छापून आले ते १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. दोन पोथ्यांत दोन पाठ असतील तर मूळ कोणता हे पुराव्यानेच ठरवावे लागते, हे त्यांनी हातात पोथ्या घेऊन अनुभवले होते.

त्या काळात पुरातत्त्व संशोधनाने बुद्धाबद्दलचे मोठे काम करून ठेवले होते. बुद्ध खरोखर होऊन गेले की ती नुसती पुराणकथा, अशी शंका काही युरोपीय पंडित घेत असत. डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, असे त्यावर कोरलेले आहे. इथे शिलालेखाने ग्रंथाला दुजोरा दिला. पण जन्मताच बालक सात पावले चालले, असे स्तंभ सांगत नाही. स्थळ आणि माणूस खरा ठरला म्हणून त्याभोवतीची प्रत्येक कथा आपोआप खरी ठरत नाही.

हा फरक कोसंबींना नेमका कळला होता. राजस्थानातील बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू लेखात सम्राट अशोकाने भिक्षुसंघाला आणि उपासकांना सात धम्मग्रंथ वारंवार ऐकावेत असे सुचवले आहे. ही नावे आजच्या त्रिपिटकातील कोणत्या सुत्तांची, याचा शोध कोसंबींनी घेतला आणि १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. त्यांतली काही सुत्ते त्यांना सुत्तनिपातात सापडली. म्हणजे ग्रंथाचा कोणता भाग जुना, हे ओळखायला त्यांनी शिलालेखाचा आधार घेतला.

याच अभ्यासातून ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ आला. चार दृश्यांची कथा त्यांनी त्रिपिटकातच तपासून पाहिली. ती मुळात विपस्सी या पूर्वबुद्धाबद्दल सांगितलेली आहे आणि नंतर गोतमाच्या चरित्राला जोडली गेली, असे त्यांनी दाखवले. अत्तदण्डसुत्तात स्वतः बुद्ध आपल्या वैराग्याचे कारण सांगतात. आटत चाललेल्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून त्यांना भय वाटले. अरियपरियेसनसुत्तात तर आईवडील रडत असताना घर सोडल्याचे येते. मग मध्यरात्री गुपचूप निघून जाण्याची गोष्ट टिकत नाही. शुद्धोदनही चक्रवर्ती राजा नव्हता; शाक्यांचे गणराज्य होते. रोहिणीच्या पाण्याचा कलह कोसंबींनी गृहत्यागामागे ठेवला. बाबासाहेबांच्या ग्रंथातही पुढे तोच प्रसंग आला आणि एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनीही मांडले.

कोसंबींनी ही चिकित्सा दुसऱ्या धर्माच्या ग्रंथांवर हल्ला करण्यासाठी राखून ठेवली नाही. ज्या धम्मासाठी घरदार सोडले, त्याच्याच ग्रंथांवर त्यांनी ती आधी लावली. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कामगारवस्तीत बहुजन विहार सुरू केला. चमत्कार गाळल्याने त्यांची श्रद्धा पातळ झाली नव्हती. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, आजारपणात अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला.

आज शिलालेख सापडला, लेणी सापडली की आपण इतरांच्या पोथ्या खोट्या ठरल्याचे संदेश भराभर पुढे पाठवतो. तोच गज आपल्या ग्रंथांना लावायची आपली तयारी आहे का? आपल्या नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचेच नाव घ्या. मिलिंद राजा खरा होता, हे त्याच्या नावाची नाणी सांगतात. पण तो राज्य मुलाकडे सोपवून अर्हत झाला, हे ‘मिलिंदपञ्ह’ सांगतो, तर ग्रीक लेखक प्लुटार्क तो छावणीत वारल्याचे लिहितो. नाणी या वादाचा निकाल देत नाहीत. म्हणून नागसेनाने रथाचा दाखला देऊन समजावलेला अनात्मवाद मात्र खोटा ठरत नाही. तृष्णेतून दुःख येते, हे कोणत्याही उत्खननात सापडणार नाही आणि कोणत्याही उत्खननाने पुसलेही जाणार नाही. ते ज्याने त्याने जगून तपासायचे आहे.

आमच्या विहारातले चित्र अजून भिंतीवर आहे, आणि ते काढावे असे आम्ही म्हणत नाही. कलावंतांनी शतकानुशतके अशा कथा रंगवल्या, तो आपला वारसा आहे. पण त्या मुलाला गप्प बसवू नये, एवढेच आमचे म्हणणे. विहारात त्याच्या हाती सुत्तनिपात आणि कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ द्यावा. त्याच्या प्रश्नाने धम्माला धक्का लागत नाही. तो प्रश्न विचारायची सोय विहारात उरली नाही, तर मात्र लागेल.

नमो बुद्धाय! जयभीम!