डॉ. हॉल्स्टेड यांचे मॉर्फिन आणि ऑपरेशनपूर्वी सांगायची एक गोष्ट

डॉ. विल्यम हॉल्स्टेड (१८५२–१९२२) हे अमेरिकेतील नामवंत सर्जन. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १८८४ मध्ये कोकेनने शरीराचा भाग बधिर करता येतो हे कळल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःवर प्रयोग केले. त्यातून नसेजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करण्याचे तंत्र, म्हणजे आजचा नर्व्ह ब्लॉक, पुढे आले. पण हॉल्स्टेड यांना कोकेनचे व्यसन लागले. त्यावर उपचार घेताना ते मॉर्फिनवर अवलंबून झाले.

पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी एकदा त्यांना थंडीने कुडकुडताना पाहिले, तेव्हा मॉर्फिन अजून सुरू असल्याचे त्यांना कळले. रोज सुमारे २०० मिलिग्रॅम मॉर्फिन घेऊनही हॉल्स्टेड व्यवस्थित काम करत. ऑस्लर यांची ही गुप्त नोंद १९६९ मध्ये उघड झाली.

सवय नसलेल्या माणसाला एवढा डोस जीवघेणा ठरू शकतो. रोज औषध घेतल्याने शरीर त्याला सरावते, याला ‘टॉलरन्स’ म्हणतात. औषध अचानक थांबले तर थंडी, घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते.

१९१९ मध्ये हॉल्स्टेड यांचे पित्ताशय काढावे लागले. १९२२ मध्ये पित्तनलिकेतील खड्यांसाठी पुन्हा ऑपरेशन झाले आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत त्यांचे निधन झाले.

अशा रुग्णाच्या वेदनेचे आज काय करतात?

• रोजचा डोस सहसा सुरूच ठेवतात. तो नव्या दुखण्याला पुरत नाही, म्हणून वेदनेचे उपचार वेगळे देतात.
• पॅरासिटामॉल, नर्व्ह ब्लॉक आणि गरज पडल्यास देखरेखीखाली जास्त मॉर्फिन देतात.
• बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन सुरू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका.

ट्रमाडॉल, मॉर्फिन, फेंटॅनिलचा पॅच किंवा व्यसनमुक्तीचे औषध सुरू असेल, तर नाव आणि डोस ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना सांगा. व्यसन असेल तर तेही सांगा. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोलायला मागा. घरच्यांनीही लक्षात ठेवावे, की अशा रुग्णाने जास्त औषध मागितले म्हणजे तो नाटक करतो असे नाही. त्याला खरोखरच जास्त दुखत असू शकते.