मानवतला आलेला मुंबईचा साहेब

वार्षिकांकासाठी चरित्र लिहायचे म्हटले की संत, समाजसुधारक किंवा पुढारी डोळ्यांपुढे येतात. मी मात्र एक पोलीस अधिकारी निवडला आहे. रमाकांत कुलकर्णी हे त्यांचे नाव. माझ्या आजीला ते नाव ठाऊक नव्हते. तिच्या बोलण्यात ते मुंबईचे साहेब.

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रात्री उघड्यावर आणि झोपडीत झोपलेली गरीब माणसे मारली जात होती. गुन्हे शाखेचे उपायुक्त असलेल्या कुलकर्णींच्या तपासात रामन राघव सापडला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. हे सगळे पुस्तकातून कळते. पुढचे मला आजीने सांगितले.

आजीचे माहेर मानवतपासून जवळ. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत मानवतला दहा खून झाले. त्यांत पाच मुली आजीच्याच वयाच्या, एक दीड वर्षाचे लेकरू आणि चार बायका. आजीला शेळ्या घेऊन रानात धाडणे बंद झाले. दिवेलागणीला दाराला आतून कडी लागे. शाळा सुटली ती तेव्हाच, आणि पुन्हा कोणी घातलीच नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्याचा या खुनांशी संबंध आहे, हे मला आत्ता आत्ता समजले.

गावात लोक भुताखेतांकडे बोट दाखवीत. कुलकर्णी माणसांच्या मागावर होते. पिंपळाखालचे गुप्तधन मिळावे, मूल व्हावे, म्हणून मुंजाला रक्त दिले गेले, असे कोर्टापुढे आले. निकाल मात्र आजीला अजून पटलेला नाही. कटाचा मुख्य आरोप असलेली दोघे वरच्या कोर्टात सुटली, इतरांना फाशीपर्यंतच्या शिक्षा झाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९७७ चा. मी तिला सांगते, संशय आणि पुरावा वेगळे. ती मान हलवते, पण हो म्हणत नाही.

कुलकर्णी पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले आणि २००५ साली वारले. मानवतच्या प्रकरणावर १९८१ साली अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ चित्रपट काढला. २०२४ साली मालिका आली, तीत कुलकर्णींचे काम आशुतोष गोवारीकरांनी केले. मी ती मोबाईलवर लावली. आजीने पहिला भाग अर्धा पाहिला आणि उठून दाराची कडी लावून आली.