बाळासाहेब गंगाधर खेर

बाळासाहेब गंगाधर खेर (२४ ऑगस्ट, १८८८ – ८ मार्च, १९५७) हे मुंबई प्रांताचे पंतप्रधान (१९३७-३९) व पुढे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री (१९४६-५२) होते. देशी औषधे आणि ती देणारे वैद्य यांच्यासंबंधीचे दोन महत्त्वाचे कायदे त्यांच्या कारकिर्दीत झाले.

खेरांचा जन्म रत्नागिरीचा. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते सॉलिसिटर झाले. स्वराज्य पक्ष व सविनय कायदेभंग या मार्गाने ते राजकारणात आले; त्यांनी तुरुंगवासही भोगला.

वैद्यांची नोंदणी

१९१२ च्या वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांनाच नोंदणीचा मान दिला होता. वैद्य व हकीम त्याबाहेर राहिले. खेर मंत्रिमंडळात आरोग्यखाते डॉ. गिल्डर या हृदयरोगतज्ज्ञाकडे असताना १९३८ चा मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा संमत झाला. त्याने देशी वैद्यकाचे मंडळ व नोंदणीपुस्तक निर्माण केले. पदवी नसलेल्या, परंतु आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी ठेवण्यात आली. ही तडजोड दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. खेड्यातील रोग्याला दुसरा वैद्य होताच कुठे?

दारूबंदी आणि आसव-अरिष्टे

१९४९ चा दारूबंदी कायदा मात्र अधिक व्यापक ठरला. मद्यार्कयुक्त प्रत्येक द्रव त्याच्या व्याख्येत येत होता. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी औषधे धायटीची फुले घालून आंबवतात. त्यांत मद्यार्क बाहेरून मिसळावा लागत नाही, तो आपोआप उत्पन्न होतो. म्हणजे घरातील औषधाची बाटलीही कायद्याच्या कक्षेत आली.

आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. अक्राणी-अक्कलकुवा भागातील भिल्ल व पावरा कुटुंबे मोहाची फुले वेचून वाळवीत. ती खाण्यात, औषधात आणि दारूतही वापरली जात. एकाच फुलाचे हे उपयोग निराळे करणे कायद्याला साधले नाही, आणि मोहफुलांचा व्यवहार परवान्याच्या अधीन झाला. ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ उभारणाऱ्या खेरांच्या चरित्रातील ही विसंगती नोंदवणे भाग आहे.

फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईच्या नागरिकाने कायद्याला आव्हान दिले. २५ मे, १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचे मुख्य धोरण वैध ठरवले. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगणे, विकणे आणि वापरणे यांवरील बंदी नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर अवाजवी निर्बंध घालते म्हणून रद्द केली. त्यानंतर, नशेसाठी वापरण्याजोगी नसलेली औषधे वगळण्यासाठी १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

उत्तरायुष्य

१९५२ ते १९५४ या काळात खेर इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले. केंद्रीय औषध कायद्यात आयुर्वेदिक व युनानी औषधांचा समावेश त्यानंतर, १९६४ च्या दुरुस्तीने झाला.