दार उघडायला लावणाऱ्या कमलाबाई

मैत्रिणींनो, प्रतापनगरातून स्कूटीवर केमिस्ट्रीच्या क्लासला जाणाऱ्या लेकींना डॉ. कमला सोहोनी हे नाव सांगायलाच हवं.

लेखिका दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीने १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली येऊन बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. पण कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि त्यांचं काम पाहून तिथे इतर मुलींचीही वाट मोकळी झाली.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही ‘सायटोक्रोम सी’ असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्यं यांसारखे आपल्या घरातलेच विषय प्रयोगशाळेत नेले. प्रथिनांतले रासायनिक बंध पोटातलं ट्रिप्सिन तोडतं, म्हणून ती पचतात. कच्च्या कडधान्यांतले काही घटक या ट्रिप्सिनलाच अडवतात. नीट शिजवलं की त्यांचा जोर ओसरतो. वाल कच्चे राहिले की आजी का रागवायची, ते आता कळतं ना?

१९९८ मध्ये कमलाबाई गेल्या. लेकीला विज्ञान घ्यायचं असेल, तर निदान घरातून तरी तिला नकार मिळू नये.