संपातल्या कामगारांना परत कामावर घेणारे रेल्वेमंत्री : प्रा. मधू दंडवते

रेल्वेतल्या रिकाम्या जागा, कंत्राटी भरती, लोको पायलटच्या ड्युटीचे तास, खासगी गाड्या. या विषयांवर स्टेशनच्या बाकड्यावर आणि चहाच्या टपरीवर आज जी चर्चा चालते ती नवी नाही. पन्नास वर्षांपूर्वी हाच वाद इतका पेटला होता की देशभरातल्या गाड्या थांबल्या होत्या. त्या वेळी संपवाल्यांच्या बाजूने असलेले विरोधी पक्षाचे एक खासदार तीन वर्षांत रेल्वेचे मंत्री झाले. ते म्हणजे राजापूरचे प्रा. मधू दंडवते.

दंडवते मूळचे कोकणातले नव्हेत. २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला त्यांचा जन्म झाला. मुंबईत शिकले, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवू लागले. पंचवीसेक वर्षं त्यांनी पोरांना फिजिक्स शिकवलं. पण जीव समाजवादी चळवळीत. बेचाळीसच्या लढ्यात होते, १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही होते.

राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै १९७१ च्या जानेवारीत अचानक गेले. त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले आणि निवडून आले. नाथ पैंनी लोकसभेत लावून धरलेली कोकण रेल्वेची मागणीही मग त्यांच्याकडे आली. त्या काळी मुंबईतल्या चाकरमान्याला गावी यायचं तर एसटी, घाट आणि खड्डे. रेल्वे ही कोकणी माणसाने मुंबईत बघायची, गावात नाही.

खासदार होऊन तीन वर्षं झाली आणि १९७४ चा संप आला. ८ मे ते २७ मे असा वीस दिवस चाललेला हा संप देशातल्या सर्वात मोठ्या संपांपैकी एक. सुमारे १७ लाख कामगार त्यात उतरले असं सांगितलं जातं. जॉर्ज फर्नांडिस हे पुढारी. मागण्या आज वाचल्या तरी ओळखीच्या वाटतील. इंजिनवरच्या माणसाला आठ तासांची ड्युटी द्या, बोनस द्या, सरकारी कारखान्यातल्या कामगाराइतका पगार द्या, वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणाऱ्यांना कायम करा. वाफेच्या इंजिनवर कोळसा मारणारा फायरमन गाडी सुटली की ती पोचेपर्यंत कामावर असायचा. गाडी लेट झाली तर ड्युटीही लांबायची, मग बारा तास होवोत की चौदा.

इंदिरा गांधींच्या सरकारने संप बेकायदेशीर ठरवला. संप सुरू व्हायच्या आधीच, २ मे रोजी जॉर्जना अटक झाली. मग हजारोंची धरपकड, हजारोंची बडतर्फी. रेल्वे कॉलन्यांतून बायकापोरांना क्वार्टरबाहेर काढलं गेलं. बडतर्फी म्हणजे नुसता पगार जात नाही. डोक्यावरचं छप्पर जातं, पेन्शन जाते आणि सरकारी नोकरीतून काढलेला म्हणून दुसरीकडेही कोणी उभं करत नाही. कसलीही मागणी पदरात न पडता संप मागे घ्यावा लागला. कामगार हरले हे मान्यच करावं लागेल.

वर्षभरात आणीबाणी आली. दंडवते तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासोबत तिथेच त्यांना पकडलं. ते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायकोचा संसार त्या काळात पत्रांवर चालला.

१९७७ च्या मार्चमध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि मोरारजी देसाईंनी रेल्वे खातं दंडवत्यांकडे दिलं. कालचा विरोधक आज मालकाच्या खुर्चीत. खुर्ची मिळाल्यावर भाषा बदलणारे पुढारी आपल्या जिल्ह्याने कमी बघितलेले नाहीत. दंडवत्यांनी सुरुवातीलाच जे निर्णय घेतले त्यात १९७४ च्या संपात काढलेल्या कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय होता. तीन वर्षं घरी बसलेली, मिळेल त्या मजुरीवर दिवस काढलेली माणसं पुन्हा यार्डात आणि शेडमध्ये हजर झाली. शिस्त बिघडेल ही भीती प्रत्येक सरकारला असते. ती बाजूला ठेवून हे करायला धाडस लागतं.

सगळंच त्यांच्या हातून झालं असं नाही. बोनसचा प्रश्न ते मंत्री असेपर्यंत सुटला नाही. १९७९ मध्ये सरकार पडलं, ते खात्यातून गेले आणि त्यानंतर रेल्वे कामगाराला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळू लागला. ड्युटीच्या तासांचं भांडण तर लोको पायलट आजही भांडतायत.

त्यांचं दुसरं काम मात्र प्रवाशांच्या थेट पाठीला लागलं. तोपर्यंत दुसऱ्या वर्गाच्या स्लीपर डब्यात लाकडी फळ्या असायच्या. रात्रभर त्यावर झोपून सकाळी उतरलेल्या माणसाचं अंग धरायचं. गादी फक्त पहिल्या वर्गाला. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम टाकायला लावला. यात रेल्वेची कमाई काही वाढणार नव्हती. पुढे हळूहळू सगळ्याच गाड्यांत ती गादी आली. २६ डिसेंबर १९७७ ला हावडा ते मुंबई गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही वर्ग नसलेली. श्रीमंताला वेगळा डबा नाही आणि गाडी सुपरफास्ट. आज एसी डबे वाढून जनरल आणि स्लीपर कमी होतायत अशी ओरड असताना ही गोष्ट आठवतेच.

पुढचा भाग आपल्या तालुक्यांचा. १९८९ ला व्ही. पी. सिंग सरकारमध्ये दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. संपाचा पुढारी आणि संपवाल्यांना परत घेणारा मंत्री, दोघे एकाच मंत्रिमंडळात. रेल्वेकडे कोकणासाठी पैसा नाही हे पालुपद तोवर ऐकून ऐकून जुनं झालं होतं. यावर तोडगा निघाला तो वेगळाच. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं. केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला. ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि ९० हून जास्त बोगदे, जवळपास २००० लहानमोठे पूल सात-आठ वर्षांत उभे राहिले.

समाजवादी मंत्र्यांनी रेल्वे खात्याबाहेर महामंडळ काढून कर्जावर रेल्वे बांधावी, याला काही जण खासगीकरणाची पहिली पायरी म्हणतात. ते पटण्यासारखं नाही, कारण मालकी पहिल्यापासून सरकारांचीच राहिली. पण कर्जाचा भार कोकणी माणसावर पडला हे खरं. या मार्गावर तिकिटासाठी अंतर वाढवून धरलं जातं, म्हणजे तेवढ्याच प्रवासाला इथे जास्त पैसे. जमिनी गेलेले प्रकल्पग्रस्त नोकरीसाठी अजून आंदोलनं करतात. बराचसा मार्ग एकेरीच आहे, दुपदरीकरणाला महामंडळाकडे पैसा नाही. म्हणून आता ही रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायचं चाललंय. गोवा, कर्नाटक, केरळपाठोपाठ महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली, नाव कोकण रेल्वेच राहावं या अटीवर.

रुळ टाकायचं काम जोरात यायच्या आधीच, १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पाडलं. पाच वेळा निवडून दिलेल्या माणसाला सहाव्यांदा नाकारलं. ते पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. मतदारसंघाशी त्यांनी रागही धरला नाही. १९९६ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि त्याच पदावर असताना २६ जानेवारी १९९८ ला कोकणातून पूर्ण मार्गावर गाडी धावली.

प्रमिलाताई २००१ च्या शेवटच्या दिवशी गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत दंडवत्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी न करता देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.